तिसऱ्या उघाडीचं म्हणणं

यंत्र काहीतरी सांगत होतं, एवढं नक्की. काय सांगत होतं, ते धाकट्या मांडोळात कोणालाच ठाऊक नव्हतं.

भरती चढू लागली, उघाड्या बंद केल्या, की थोड्याच वेळात बांधाजवळच्या केबिनमधल्या पडद्यावर एक पिवळी चौकट उमटायची. चौकटीत कोरियन अक्षरांच्या दोन ओळी आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक बटण. हर्षदाआत्या ते बटण दाबायची. चौकट नाहीशी व्हायची.

"आत्या, ते काय म्हणतंय गं?" जुईलीनं विचारलं.

"म्हणत असेल काहीबाही. दाबलं की गप्प बसतं."

"पण दर वेळी तेच म्हणतंय. अक्षरं तीच आहेत बघ."

"तुझे नाशिकचे आजोबा फोनवर दर वेळी तेच म्हणतात. पोरीला इकडे पाठवा, पोरीला इकडे पाठवा. त्यांनाही मी हो हो म्हणते."

मागे कोणीतरी मोबाईलनं त्या चौकटीचा फोटो काढून भाषांतर करून पाहिलं होतं. मोबाईलनं सांगितलं, 'तिसरं तोंड मिटत नाही.' गावाला हसायला निमित्त झालं. तिसरं तोंड म्हणजे सरपंचांचं, असं ठरलं आणि विषय संपला. पुढे मोबाईलचा टॉवरच दलदलीत कलला. आता फोन लागायचा तो बांधावर उभं राहून, तोही वारा पडलेला असेल तर.

उघाडी म्हणजे समुद्राच्या बांधातला दरवाजा. ओहोटीला तो उघडायचा, म्हणजे शेतांत साचलेलं पाणी बाहेर जातं. भरतीला बंद करायचा, म्हणजे समुद्र आत येत नाही. जुन्या काळी उघाड्यांना लाकडी फळ्या असत आणि त्या पाण्याच्या दाबानं आपोआप उघडत, मिटत. समुद्राची पातळी वाढत गेली, उधाणाच्या भरत्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरत्या) बांधाच्या कडेला टेकू लागल्या, तशा त्या फळ्या निकामी झाल्या. मग लोखंडी उघाड्या आल्या, त्यांना मोटारी आल्या आणि मोटारी चालवायला हे यंत्र आलं. परदेशातल्या एका कंपनीनं ते तिथल्याच किनाऱ्यासाठी बनवलं होतं. तिथे ते नको झालं, म्हणून स्वस्तात इकडे आलं. कंपनी पुढे बंद पडली.

यंत्र आलं तेव्हा थोरलं मांडोळ पाण्याखाली गेलेलं होतं. ओहोटीला तिथल्या शाळेचं छप्पर आणि देवळाचा कळस तेवढा दिसायचा. धाकटं मांडोळ अजून उभं होतं, ते पाच उघाड्यांच्या आणि एका गोड्या तळ्याच्या जिवावर. त्या तळ्याचं पाणीही गेल्या हिवाळ्यापासून मचूळ, किंचित खारट लागत होतं. किनारा समितीच्या माणसांनी येऊन सांगितलं होतं, मचूळ आहे तोवर ठीक. खारं झालं तर गाव उठवावं लागेल.

यंत्राची भाषा कोणाला येत नव्हती, पण काम अडलं नव्हतं. हर्षदाआत्यानं पहिल्याच आठवड्यात चाचपून पाहून ठरवून टाकलं, कोणतं बटण काय करतं ते. पडद्यावर एकाखाली एक चार राखाडी बटणं होती. तोंड धुताना कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची सवय घराघरांत असते, तसंच तिनं केलं. सगळ्यात वरच्या बटणाच्या बाजूला काचेवर लाल टिकली लावली. लाल म्हणजे बंद. तिसऱ्या बटणाच्या बाजूला हिरवी टिकली. हिरवी म्हणजे उघडा. आत्या आजारी असली तर उघाड्या सांभाळणाऱ्या गटातल्या दुसऱ्या बायका येऊन टिकल्या बघून काम करायच्या. इतक्या वर्षांत एकही चूक झाली नव्हती.

जुईली अकरा वर्षांची होती. आई-बाबा कामासाठी नाशिकला गेले होते. शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत ती आत्याजवळ राहिली होती. शाळेत आता नऊ मुलं उरली होती.

वार्षिक परीक्षा झाली आणि आजोबा तिला न्यायला आले.

डॉक्टर पद्माकर ठाकूर हे जुईलीच्या आईचे वडील. संगणकांनी आपल्या भाषांत काम करावं, यासाठी त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं होतं. रस्त्यावर पाणी होतं, म्हणून होडीनं आले आणि उतरताना बूट चिखलात घालवून बसले.

"काका, पाय तरी आणलात हे बरं केलंत," आत्या म्हणाली आणि तिनं त्यांना आपल्या चपला दिल्या.

"चहा दे, मग बोल," आजोबा म्हणाले. "परवा सकाळी परत निघतोय आम्ही. भरतीच्या आधी."

परवा म्हणजे मध्ये एकच दिवस. आजोबांचा चहा झाल्यावर त्यांचा हात धरून जुईली त्यांना केबिनमध्ये घेऊन गेली आणि पडद्यासमोर उभं केलं.

"आजोबा, हे यंत्र काय सांगतंय ते तुम्ही मला वाचून दाखवा. मग मी येते नाशिकला."

"मला कोरियन येत नाही."

"मग त्याला मराठी शिकवा."

आजोबांनी चष्मा पुसला. बराच वेळ ते पडद्यावर इकडेतिकडे बोटं फिरवत राहिले. शेवटी एक पान उघडलं. त्यावर एकच ओळ होती आणि तिच्याखाली एक बटण. बटण दाबलं तरी काही होत नव्हतं.

"ही भाषेची यादी," ते म्हणाले. "यादीत एकच भाषा. दुसरी जोडायचं बटण आहे, पण ते मेलेलं आहे. याची ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकाचं सगळं कामकाज सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) एकभाषी आवृत्तीची आहे. स्वस्त यंत्रांत अशी घालतात."

"म्हणजे याला एकच भाषा समजते?"

"याला एकही भाषा समजत नाही. तिथेच तर सगळे फसतात."

जुईलीनं त्यांच्याकडे स्टूल सरकवलं.

"तू एसटीची जुनी पाटी पाहिली नसशील," आजोबा स्टुलावर बसत म्हणाले. "गाडीच्या कपाळावर एक खाच असायची. तिच्यात पत्र्याची पाटी सरकवायची. पेण म्हणून पाटी घातली की लोक पेणला जायला चढायचे. अलिबागची घातली की अलिबागला. आता सांग, पाटीवर काय लिहिलंय ते इंजिनाला कळतं का?"

"नाही. ते ड्रायव्हरला माहीत असतं."

"बरोबर. पाटी फक्त बाहेरच्या माणसांसाठी. या यंत्रातही तसंच. आतल्या प्रोग्रॅममध्ये 'उघडा' असा शब्द कुठेच नाही. तिथे आहे एक क्रमांक. समज, दोनशे चौदा. पडद्यावर बटण काढायची वेळ आली की प्रोग्रॅम एका तक्त्याकडे जातो आणि विचारतो, दोनशे चौदा नंबरची पाटी दे. तक्ता कोरियन असेल तर कोरियन शब्द मिळतो. मराठी असेल तर मराठी. त्या सगळ्या पाट्यांच्या गाठोड्याला म्हणायचं भाषासंच. आणि पडद्यावर जी भाषा दिसते ती दर्शनी भाषा."

"मागे पंचायतीतल्या मुलांनी याच्यात मराठी टाकली होती. तरी पडदा कोरियनच राहिला."

"त्यांनी कळफलक मराठी केला असेल. आपण यंत्राला काय लिहून सांगतो ते कळफलकाचं काम. यंत्र आपल्याला काय सांगतं ते दर्शनी भाषेचं. दोन्ही वेगळी खाती."

जुईलीनं पुन्हा त्या एका ओळीच्या यादीकडे पाहिलं. "आजोबा, या आवृत्तीचा नियम काय आहे? एकच भाषा ठेवायची, की कोरियनच ठेवायची?"

आजोबांनी यादीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एकच ठेवायची. कोणती, ते नियमात नाही."

"मग खाचेतली पाटी काढून दुसरी घालायची!"

"एवढं सोपं नसतं," आजोबा म्हणाले, पण त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला होता.

काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. बंद पडताना त्या कंपनीनं प्रोग्रॅम बदलायची आपली सगळी अवजारं सर्वांसाठी मोकळी करून ठेवली होती. ती आजोबांजवळ होती. त्यांनी यंत्रातला कोरियन तक्ता आपल्या लॅपटॉपवर घेतला. डावीकडे क्रमांक, उजवीकडे शब्द, अशा सहाशेच्या वर ओळी. लॅपटॉपमधल्या भाषांतरकारानं मराठी शब्द भरून दिले आणि जुईली ते एकेक वाचत गेली.

"'जलद्वाराचं पिधान करा.' हे काय आहे?"

"उघाडी बंद करा."

"मग तसं लिहा ना. आत्या विचारेल, कुठल्या देवळाचं द्वार?"

आजोबांनी मुकाट्यानं लिहिलं. जलद्वाराची उघाडी झाली, पिधानाचं बंद झालं. 'सागरस्तर वर्धमान' याचं जुईलीनं 'भरती चढते आहे' असं केलं. क्रमांकांना मात्र कोणी हात लावला नाही.

दुपारी पूर्ण ओहोटी होती. उघाड्या उघड्या होत्या आणि शेतांतलं पाणी संथपणे बाहेर चाललं होतं. आत्या बांधावर चिखल लिंपायला गेली होती.

"आत्ताच करू," आजोबा म्हणाले. "चालत्या गाडीची पाटी बदलत नाहीत."

त्यांनी आज्ञांची खिडकी (जिथे बटणं नसतात, यंत्राला थेट लिहूनच सांगावं लागतं ती जागा) उघडली. आधी नवा भाषासंच आत ठेवला. मग यंत्राला सांगितलं, यापुढची दर्शनी भाषा ही. मग जुना संच काढून टाकला, कारण दोन ठेवायची परवानगी नव्हती. बटणांवरची कोरियन अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी नुसते आकडे आले. २१४. २१७. ३०२.

जुईली पडद्याजवळ सरकली. रिकाम्या घराच्या दारावर पुनर्वसनवाले खडूनं नंबर टाकतात, तसे ते दिसत होते.

"बिघडलं?"

"नाही. खाचेत पाटी नाही, एवढंच. बघून घे, याचं खरं बोलणं हे असं असतं. आता बंद करून पुन्हा सुरू करायचं. सुरू होताना ते सगळ्या पाट्या एकदाच उचलून जवळ ठेवतं. मध्येच दिलेली पाटी ते बघत नाही."

पडदा काळा झाला. पुन्हा उजळला. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'उघाड्या: उघड्या. ओहोटी.' खाली चार राखाडी बटणं होती आणि चारही बटणांवर मराठी शब्द होते.

आजोबांनी एकेक बटण वाचून दाबून पाहिलं. बंद करा म्हटल्यावर उघाड्या बंद झाल्या. थांबवा म्हटल्यावर थांबल्या. चाचणी म्हटल्यावर थोड्या हलून जागच्या जागी आल्या. उघडा म्हटल्यावर पुन्हा उघडल्या. सगळं बरोबर होतं. पिवळी चौकट तेवढी आली नाही; ती भरतीलाच यायची.

"आत्याला आत्ता सांगायचं नाही हं," जुईली म्हणाली. "तिला स्वतःला दिसू दे."

आजोबा थकले होते. ते घरी जाऊन आडवे झाले.

भरती लागली तेव्हा सूर्य मावळायला आला होता. अमावास्या जवळ होती आणि वारा समुद्रावरून येत होता. जुईली केबिनच्या दारात उभी राहिली. आत्या बांधावरून धावत आली. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. एक हात परकराला पुसत ती आत शिरली, पडद्याजवळ गेली, लाल टिकलीच्या बाजूचं बटण दाबलं. पिवळी चौकट उमटली. आत्यानं कोपऱ्यातलं बटण दाबलं. चौकट गेली.

"दमेकरांच्या शेताकडे बांध पाझरतोय. मी जाऊन येते," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिला दिसलंच नव्हतं. इतके दिवस त्या काचेवर जी अक्षरं होती ती तिच्यासाठी नव्हती. काचेवर वाचायचं काही असतं, हेच तिचे डोळे विसरून गेले होते.

जुईली हिरमुसली. दाराच्या चौकटीला टेकून तशीच उभी राहिली. मग आपणच लिहिलेले शब्द एकदा बघावेत म्हणून पडद्यापाशी गेली. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'उघाड्या: उघड्या. भरती चढते आहे.'

तिनं डोळे चोळले. आत्यानं तर आत्ताच बंद केल्या. तिच्यासमोर केल्या. मग हे उघड्या कसं म्हणतंय?

तिच्या मनात आलं ते असं: आपलं काहीतरी चुकलं. तक्त्यात एका क्रमांकासमोर दुसऱ्याच क्रमांकाचा शब्द पडला. 'बंद' हवं तिथे 'उघड्या' आलं. आत्याच्या हातावर तिचा विश्वास होता, शब्दांवर नव्हता. ती घराकडे पळत सुटली.

आजोबांना उठवून लॅपटॉप उघडेपर्यंत वेळ गेला. दोघांनी ओळी तपासल्या. पुन्हा तपासल्या.

"तक्ता बरोबर आहे," आजोबा म्हणाले.

"मग आत्यानं बंद केलेल्या उघाड्या उघड्या कशा?"

आजोबा उत्तर देणार होते, पण तेवढ्यात दोघांनाही आवाज ऐकू आला. घरामागच्या ओढ्यात पाणी वाहत होतं. ओढा एरवी समुद्राकडे वाहायचा. आता आवाज उलटा येत होता.

जुईली केबिनमध्ये पोहोचली तेव्हा आत्या तिथे आधीच आली होती. ती लाल टिकलीच्या बाजूचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. दर वेळी पिवळी चौकट येत होती आणि दर वेळी आत्या ती पुसून टाकत होती.

"बंद केल्यात मी! या हातांनी बंद केल्यात! ऐकतच नाही मेलं!"

"आत्या, वाच!"

"काय वाच?"

"ते बघ, मराठी आहे! वाच ना!"

आत्याचा हात थांबला. चौकटीत लिहिलं होतं, 'उघाड्या आधीच उघड्या आहेत. भरती चढते आहे.' आणि लाल टिकलीच्या बाजूच्या बटणावर लिहिलं होतं, 'उघडा.'

जुईलीनं चारही बटणं वरून खाली वाचली. उघडा. चाचणी. थांबवा. बंद करा. तिनं सगळ्यात खालचं बटण दाबलं.

बाहेर मोटारी घरघरल्या. आत घुसणाऱ्या पाण्याला कापत लोखंडी फळ्या खाली उतरू लागल्या. फार सावकाश उतरत होत्या. मागून आलेल्या आजोबांसह तिघं बांधावर उभं राहून बघत होती. भाताची खाचरं चकाकू लागली, मग दिसेनाशी झाली. शेवटी ओढ्याचं पाणी तळ्याच्या पाळीवरून आत सांडलं.

केबिनमध्ये परतल्यावर पडद्यावर पिवळी चौकट दिसली. नेहमीची. पण आता ती वाचता येत होती.

आत्यानं एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "'तिसऱ्या उघाडीची फळी तळाला टेकत नाही. खाली काहीतरी अडकलं असावं. पाणी आत येत आहे.'"

तिनं जुईलीकडे पाहिलं. "हे... हेच सांगत होतं? रोज?"

जुईलीनं मान हलवली.

"म्हणून तळं मचूळ होत होतं," आत्या म्हणाली. "आणि मी त्याला गप्प करत होते."

चौकटीतलं बटण कोणीच दाबलं नाही.

सकाळी आजोबा आणि जुईली तळ्याच्या पाळीवर बसले होते. होडी आली होती आणि रिकामी परत गेली होती. तळ्याच्या कडेला मेलेले मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. आत्यानं ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, थुंकलं आणि घरात गेली.

"आजोबा, आपण दुपारी सगळी बटणं तपासली होती."

"तपासली. वाचून तपासली. आपल्याला वाचता येत होतं म्हणून."

"पण बटणं खालीवर कशी झाली? क्रमांक तर आपण हलवले नाहीत."

आजोबांनी काडीनं चिखलात एक आकडा काढला. "हा क्रमांक. यंत्राचं काम याच्यावर चालतं. तो बदलला नाही." आकड्यासमोर त्यांनी एक शब्द लिहिला. "हे नाव. ते आपण बदललं. आणि तिसरी एक गोष्ट असते, तिचा आपण विचारच केला नाही. जागा. ज्यानं हा प्रोग्रॅम लिहिला, त्यानं बटणं नावांच्या वर्णक्रमानं (अक्षरं ज्या ठरलेल्या क्रमानं येतात त्या क्रमानं) लावायची असं ठरवलं होतं. कोरियन वर्णक्रमात 'बंद' साठीचा शब्द आधी येतो, 'उघडा' साठीचा नंतर. मराठीत उ आधी, ब नंतर. नावं बदलली तशी यंत्रानं बटणं नव्यानं लावून घेतली. त्याच्या हिशेबानं ते बरोबरच वागलं."

जुईलीनं एकेक करत तीन बोटं दुमडली. "यंत्र क्रमांक बघतं. आपण नाव वाचतो. आणि आत्याचं बोट जागा ओळखतं."

"हो."

"म्हणजे आत्याची भाषा कोरियनही नव्हती आणि मराठीही नव्हती. ती आपण तिला न विचारता काढून टाकली."

आजोबांनी काडी पाण्यात टाकली. ती थोडी तरंगत गेली. "एकभाषी यंत्रात दुसऱ्या भाषेला जागा नसते, एवढं मला माहीत होतं," ते म्हणाले. "माणसाच्या हातालाही ते लागू पडतं, हे सुचायला हवं होतं."

त्या दिवशी ओहोटीला गावातले लोक तिसऱ्या उघाडीत उतरले. फळीखाली ट्रकचं एक टायर आणि त्याला गुंडाळलेलं मासेमारीचं जाळं निघालं. संध्याकाळी आत्यानं जुईलीला हाताला धरून पडद्यापाशी नेलं, "तूच दाब," म्हणाली आणि स्वतः मागे उभी राहिली. उघाड्या बंद झाल्या. सगळे वाट बघत राहिले. पिवळी चौकट आली नाही.

आजोबांनी प्रोग्रॅममध्ये एक छोटी दुरुस्ती केली. बटणं आता नावांप्रमाणे न लागता क्रमांकांप्रमाणे लागणार होती. भाषा कोणतीही घातली तरी जागा तीच राहील. टिकल्या काढून नव्या जागी लावायला त्यांनी आत्याला सांगितलं. आत्यानं त्या लावल्या, पण बटणाला बोट लावलं नाही.

समितीची माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. निकाल सगळ्यांना आधीच माहीत होता. पावसाळ्याआधी गाव हलवायचं. तळं पुन्हा गोडं व्हायला दोन-तीन पावसाळे तरी जातील, आणि तेही उघाड्या नीट चालल्या तर. उघाड्या चालू ठेवायच्याच होत्या, कारण धाकट्या मांडोळाच्या पाठीमागे आणखी गावं होती. केबिनमध्ये कोणी राहायचं, असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी हर्षदाआत्याकडे पाहिलं. ती उठून बाहेर गेली.

जुईली तिच्यामागे गेली.

"आत्या, तू नाही म्हणालीस तर दुसरं कोण आहे? बाकी सगळ्या गाव सोडून चालल्यात."

"माझ्या हातून गेलं गं तळं."

"तुझ्या हाताला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मला तुला चकित करायचं होतं."

आत्यानं तिला जवळ ओढलं. चिखलाचा आणि घामाचा वास आला. "केलंस की चकित," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडंसं हसू होतं.

त्याच सुमारास शिरठाणहून निरोप आला. शिरठाण म्हणजे खाडीपलीकडचं गाव. तिथेही तसंच यंत्र होतं, तीच कोरियन अक्षरं, आणि काही महिन्यांपासून तशीच पिवळी चौकट. त्यांचं तळं अजून गोडं होतं. आजोबांनी नाशिकला जायचं पुढे ढकललं आणि दुसऱ्या दिवशीच निघायचं ठरवलं. जुईली होडीत बसली. होडी सुटता सुटता आत्या चिखल तुडवत आली आणि तिच्या शेजारी बसली.

शिरठाणच्या केबिनमध्ये एक उंच, म्हातारी बाई होती. सुगंधाबाई. तिनं टिकल्या लावल्या नव्हत्या. काचेच्या कडेला नेलपॉलिशचे ठिपके होते, त्यांतले काही झिजून गेले होते. आजोबांनी लॅपटॉप उघडला. भाषासंच तयार होता, दुरुस्तीही सोबत होती. खिडकीतून शिरठाणचं तळं दिसत होतं. त्याच्या काठावर बायका हंडे भरत होत्या.

"करू का सुरू?" आजोबांनी विचारलं.

"थांबा काका," आत्या म्हणाली.

त्या रात्रीनंतर ती पहिल्यांदाच आपणहून पडद्याच्या इतकी जवळ गेली होती. तिनं सुगंधाबाईचा हात हातात घेतला.

"मावशी, भाषा नंतर. आधी मला सांगा, भरती आली, हात चिखलानं भरलेत, डोक्यात दुसरंच काही चाललंय. अशा वेळी तुमचं बोट कुठे जातं?"

सुगंधाबाईनं जरा विचार केला. मग पडद्याकडे न बघता, समुद्राकडे बघत, तिनं बोट उचललं आणि काचेवर टेकवलं. जुईलीनं वाकून ती जागा नीट बघून घेतली.